बारशाच्या पंगतीतील नकार
(संत गाडगेबाबांच्या व्यसनमुक्ती कार्याचे स्मरण)

यवतमाळ जिल्ह्यातील मारेगावसारख्या तालुक्याच्या गावी जो मुलगा वा मुलगी पदवी संपादन करते, तिच्या प्रमाणपत्रावर विद्यापीठाचे नाव छापलेले असते : संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठ. अमरावती, अकोला, बुलढाणा, वाशीम आणि यवतमाळ या पाच जिल्ह्यांचे हे विद्यापीठ १९८३ साली स्थापन झाले आणि पुढे त्यास या संतपुरुषाचे नाव देण्यात आले. ज्यांच्या नावाची मुद्रा हजारो पदवीधर अभिमानाने जपून ठेवतात, त्या पुरुषाने स्वतः शाळेची पायरी चढलेली नव्हती. बालपणी त्यांच्या वाट्याला पाटी-पुस्तक आले नाही, गुरांमागे फिरणे आले. आणि ते तसे का आले, या प्रश्नाचे उत्तर शोधू गेल्यास आपण एका दारूच्या बाटलीपाशी येऊन पोहोचतो.

गाडगेबाबा म्हटले की आजच्या पिढीच्या डोळ्यांपुढे खराटा उभा राहतो. महाराष्ट्र शासनाने २०००-०१ पासून त्यांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान चालविले. त्यामुळे ती प्रतिमा अधिकच दृढ झाली. ती खोटी नाही, पण अपुरी आहे. बाबांनी गावाचे रस्ते झाडले तसेच गावकऱ्यांच्या सणावारांतून, जेवणावळींतून आणि देवकार्यांतून दारू झाडून काढण्याचा आयुष्यभर यत्न केला. या दुसऱ्या झाडलोटीची आठवण आज मागे पडली आहे. मद्य हे सप्तव्यसनांपैकी एक मानणाऱ्या आणि जीवदयेला धर्माचे मूळ समजणाऱ्या वाचकांस ती विशेष जवळची वाटेल.

झिंगराजींचे घर

अमरावती जिल्ह्यातील अंजनगाव सुर्जी तालुक्यात शेंडगाव नावाचे गाव आहे. तेथे २३ फेब्रुवारी १८७६ रोजी झिंगराजी जानोरकर आणि सखुबाई या परीट समाजातील दांपत्याच्या पोटी मुलगा जन्मास आला. त्याचे नाव डेबूजी. घरी शेती होती, कष्टाची सवय होती. हे घर उजाड होण्याचे वास्तविक काही कारण नव्हते.

परंतु त्या काळी वऱ्हाडातील अनेक जातींच्या रूढींमध्ये दारूचे स्थान ठरलेले होते. देवाला नवस बोलला की बोकड कापावयाचा, बोकड कापला की भाऊबंदांना जेवण द्यावयाचे आणि जेवण द्यावयाचे म्हणजे दारू आणावयाची. बारसे असो, लग्न असो की तेरावे, हा क्रम चुकत नसे. जो न देईल तो कंजूष ठरे आणि जो न घेईल तो गर्विष्ठ ठरे. ही सक्ती कोणत्याही कायद्यात लिहिलेली नव्हती. म्हणूनच ती कायद्याहून कठीण होती. झिंगराजी याच वाटेने दारूच्या आहारी गेले. प्रारंभी प्रसंगापुरती असलेली दारू पुढे रोजची झाली. शेतीवाडी हातची गेली, शरीर खंगले आणि १८८४ साली त्यांचा अंत झाला. डेबू तेव्हा आठ वर्षांचा होता. मुलाला या वाटेने जाऊ देऊ नकोस, असे त्यांनी अखेरच्या घटकेस पत्नीस बजावल्याचे चरित्रात सांगितले जाते.

पती गेला, घर गेले. सखुबाई लेकरास घेऊन मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे येथे माहेरी आली. एका माणसाच्या व्यसनाचा खर्च त्याच्या एकट्याच्या खात्यावर कधीच पडत नाही. तो पत्नीच्या, मुलांच्या आणि पुष्कळदा नातवंडांच्याही नावे टाकला जातो. डेबूच्या नावे पडलेली रक्कम होती त्याची शाळा.

सावकाराची वही

आजोळी डेबू गुरे राखू लागला, मोठा झाल्यावर नांगर धरू लागला. रात्री भजनाच्या मेळ्यात बसण्याची त्याला आवड होती. भजने त्याने ऐकून पाठ केली. वाचण्याचा मार्ग त्यास मोकळा नव्हता. अंगमेहनतीने त्याने मामा चंद्रभान यांची शेती नावारूपास आणली. परंतु येथेही संकट वाट पाहत होते. मामांची जमीन सावकाराच्या कर्जात अडकली होती. व्याजाची गुंतागुंत निरक्षर कुटुंबाच्या आकलनापलीकडची होती. जमीन हातून जाते असे दिसताच मामांनी हाय खाल्ली आणि ते निवर्तले. तरुण डेबूजीने मात्र सहजासहजी माघार घेतली नाही. सावकाराची माणसे ताबा घेण्यास आली तेव्हा तो शेतात उभा राहिला आणि त्याने प्रतिकार केला.

दारूने वडिलांचे घर बुडविले आणि कर्जाने मामाचे. वयाच्या पंचविशीच्या आत डेबूजीने ही दोन्ही बुडिते जवळून पाहिली होती. पुढे हजारो लोकांसमोर उभे राहून ते सांगत की दारू पिऊ नका, ऋण काढून सण करू नका, नवसासाठी जनावर मारू नका आणि मुलांना शाळेत घाला. ऐकणाऱ्यास या चार वेगवेगळ्या आज्ञा वाटत. त्यांच्या अनुभवात ती एकच गोष्ट होती. नवसासाठी बोकड येतो, बोकडाबरोबर दारू येते, दोहोंसाठी कर्ज काढावे लागते आणि कर्ज फेडण्यासाठी मुलाला शाळेतून काढून दुसऱ्याच्या बांधावर पाठवावे लागते. साखळीची कोणतीही एक कडी तुटली तरी पुढच्या कड्या सैल पडतात, हे त्यांनी जाणले होते.

बारशाचे जेवण

१८९२ साली डेबूजींचा विवाह कुंताबाई यांच्याशी झाला. कालांतराने त्यांना पहिली कन्या झाली. तिचे नाव आलोका. बारशाचा दिवस ठरला, जातभाईंना आमंत्रणे गेली. रूढीप्रमाणे मटणाचे आणि दारूचे जेवण मिळणार, याविषयी कोणाच्याही मनात शंका नव्हती.

पाने मांडली गेली आणि पानात गोडधोड आले. मांस नव्हते, दारू नव्हती.

आज ही घटना लहान वाटते. आपल्या घरच्या मंगल कार्यात गोड जेवण वाढणे यात धाडस ते कोणते, असे वाचकास वाटू शकेल. परंतु त्या पंगतीत बसलेल्या माणसांच्या दृष्टीने विचार करावयास हवा. ज्यांनी आपल्या घरी बोलावून रीतीप्रमाणे पाहुणचार केला होता, त्यांना आज परतफेडीची अपेक्षा होती. गावातील प्रत्येक कुटुंब अशा देण्याघेण्याच्या अलिखित खातेवहीत बांधलेले असे. त्या वहीत नाव असणे म्हणजेच जातीत असणे. कोणाच्या घरी मृत्यू झाला तर खांदा कोण देणार, मुलीला स्थळ कोण सुचविणार, अडल्या वेळी दाणे कोण उसने देणार, हे सारे त्या वहीवर अवलंबून होते. पित्याचे छत्र हरपलेल्या, आजोळी वाढलेल्या, जमिनीच्या वादात पोळलेल्या तरुणाने त्या वहीला नकार दिला. जातभाईंना ते रुचले नाही, हे ओघानेच आले. तरी बारसे पार पडले. पाळण्याला दोरी लागली, मुलीचे नाव ठेवले गेले आणि दारूवाचूनही शुभकार्य होऊ शकते, हे गावाने प्रत्यक्ष पाहिले.

गाडगेबाबांच्या पुढील सर्व व्यसनमुक्ती कार्याचे बीज या पंगतीत आहे. उपदेश करण्यापूर्वी त्यांनी आपल्याच घरी, आपल्याच माणसांच्या नाराजीची किंमत मोजून तो आचरून दाखविला. कीर्तनकार होण्याच्या कितीतरी आधी ते यजमान म्हणून या परीक्षेस उतरले होते.

खराटा आणि कीर्तन

१ फेब्रुवारी १९०५ रोजी पहाटे डेबूजींनी घर सोडले. मागे आई होती, पत्नी होती, मुले होती. व्यसनाने वडिलांना कुटुंबापासून तोडले होते. वैराग्याने मुलास तोडले. या दोन्ही वेळी सखुबाईंच्या वाट्याला आलेले दुःख वेगळे होते असे म्हणणे कठीण आहे. संतांच्या चरित्रात घरातील स्त्रियांचे हे देणे सहसा नोंदविले जात नाही. ते नोंदविणे न्यायाचे होय.

अंगावर चिंध्यांची गोधडी, हाती खराटा आणि डोक्यावर किंवा हातात मातीचे फुटके गाडगे. हेच त्यांचे जेवणाचे ताट आणि हाच पाण्याचा पेला. त्या गाडग्यावरून लोक त्यांना गाडगेबाबा म्हणू लागले. कोणी गोधडेबुवा म्हणत, कोणी चिंधेबुवा. गावात शिरले की बाबा प्रथम रस्ते झाडीत, गटारे साफ करीत आणि कामाच्या मोबदल्यात भाकरी मागून खात. सायंकाळी त्याच झाडलेल्या जागेवर कीर्तन होई. कोणी पाया पडू लागला तर ते चिडत. आपण कोणाचे गुरू नाही आणि आपला कोणी शिष्य नाही, असे ते स्पष्ट सांगत. त्यांनी पंथ काढला नाही, दीक्षा दिली नाही, गादी स्थापिली नाही.

त्यांचे कीर्तन शास्त्रोक्त नव्हते. वऱ्हाडी बोलीत ते श्रोत्यांना प्रश्न विचारीत आणि श्रोत्यांकडूनच उत्तर काढून घेत. देवाने जसे माणसाला निर्माण केले तसे बोकडालाही केले ना, असे विचारल्यावर सभा होकार देई. मग आपलेच लेकरू कापून आणले तर कोणता बाप संतुष्ट होईल, या रोखाने पुढचा प्रश्न येई आणि सभा निरुत्तर होई. दारूविषयीही हीच पद्धत. पिणाऱ्याला ते पापी म्हणून हिणवीत नसत. त्याच्या घरात काय शिजते, बायकोच्या अंगावर लुगडे कसे आहे, पोरगा कोठे आहे, असे विचारीत जात. समोर बसलेला माणूस मनातल्या मनात आपल्या घराचा हिशेब मांडू लागे. अखेरीस गोपालाच्या नामगजरात सारी सभा एकरूप होई आणि माणसे विचार करीत घरोघर जात.

आपला मुलगा गोविंद याच्या मृत्यूची वार्ता त्यांना कीर्तनाच्या वेळी कळली आणि तरीही त्यांनी कीर्तन थांबविले नाही, हा प्रसंग सुप्रसिद्ध आहे. प्रबोधनकार ठाकरे आणि गो. नी. दांडेकर यांच्यासारख्या लेखकांनी बाबांचे चरित्र लिहिले. प्रबोधनकारांसारखा बुवाबाजीचा कठोर टीकाकार या बुवापुढे नतमस्तक व्हावा, यातच त्यांच्या निरिच्छपणाची पावती आहे.

बळी आणि बाटली

पशुबळीची प्रथा आणि मद्यपान यांचा संबंध गाडगेबाबांनी जितक्या स्पष्टपणे ओळखला तितका तत्कालीन सुधारकांपैकी फारच थोड्यांनी ओळखला असेल. शहरातील सुधारक दारूला वैयक्तिक दुर्गुण समजत. सरकार तिला उत्पन्नाचे साधन समजे. इंग्रजी अमदानीत दारूच्या दुकानांचे मक्ते लिलावात दिले जात आणि अबकारी कर हे सरकारी तिजोरीचे एक मोठे कलम असे. खेड्यातील माणसाच्या लेखी मात्र दारू हा देवकार्याचा भाग होता. देवाच्या नावाने आलेली वस्तू व्यसन म्हणून ओळखली जात नाही, आणि जी ओळखलीच जात नाही ती सोडविणार कशी?

म्हणून बाबांनी प्रथम देवाला सोडविले. देव जत्रेतील कापलेल्या बोकडात नाही, तो भुकेल्याच्या भाकरीत आणि उघड्याच्या वस्त्रात आहे, ही त्यांची शिकवण होती. १९३१ साली वरवंडे येथे त्यांच्या प्रबोधनाने पशुहत्या बंद झाली. मूर्तिजापूर येथे त्यांनी गोरक्षणाचे कार्य उभारले. अहिंसेचे तत्त्व त्यांनी कोणत्या ग्रंथातून घेतले नव्हते. बोकड, बाटली आणि बुडालेले घर ही त्रयी त्यांनी आठव्या वर्षी पाहिली होती. तोच त्यांचा ग्रंथ.

याच अमरावती जिल्ह्यातील यावली येथे १९०९ साली जन्मलेल्या राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनीही खंजिरीच्या साथीने व्यसनमुक्तीचा संदेश खेडोपाडी पोहोचविला. एकाच मातीतून उगवलेल्या या दोन संतांनी विदर्भाच्या ग्रामजीवनाला जे वळण दिले, त्याचे मोल मोठे आहे.

ऋणमोचन

पूर्णा नदीच्या तीरावर ऋणमोचन नावाचे क्षेत्र आहे. पौष महिन्यातील रविवारी तेथे यात्रा भरते. गाडगेबाबांच्या सार्वजनिक कार्याचा आरंभ येथूनच झाला. १९०८ साली त्यांनी येथे नदीवर घाट बांधविला. स्थानाच्या नावाचा अर्थ ऋणातून सुटका. आणि ज्या पुरुषाने हे स्थान कर्मभूमी म्हणून स्वीकारले, त्याच्या आयुष्याचा सारांशही तोच. नदीत स्नान केल्याने ऋण फिटते, अशी यात्रेकरूंची भावना असे. बाबांचे सांगणे असे की ऋण न काढल्यानेच ऋण फिटते.

पैशाच्या व्यवहारात त्यांची शिस्त आजही अभ्यासण्याजोगी आहे. १९१७ साली त्यांनी पंढरपूर येथे चोखामेळा धर्मशाळेचे काम हाती घेतले. पुढे पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी अशा अनेक ठिकाणी धर्मशाळा उभ्या राहिल्या. १९५४ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयातील रुग्णांच्या नातेवाइकांसाठी धर्मशाळा झाली. लक्षावधी रुपये त्यांच्या शब्दावर जमले. या मालमत्तेवर त्यांनी स्वतःचा किंवा कुटुंबाचा हक्क ठेवला नाही. कारभार विश्वस्तांकडे सोपविला. स्वतः धर्मशाळेत न राहता ते बाहेर मिळेल तेथे पथारी टाकीत. १९४९ साली पंढरपूरची धर्मशाळा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीस सुपूर्द करण्यात आली. कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या रयत शिक्षण संस्थेने १९५४ साली कऱ्हाड येथे काढलेल्या महाविद्यालयास गाडगेमहाराजांचे नाव दिले. १९५२ साली गाडगेबाबा मिशनची स्थापना झाली आणि कार्यास संस्थेचे अधिष्ठान लाभले.

दारू सोडा, असे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवावा असे लोकांना का वाटले, याचे उत्तर या हिशेबात आहे. सांगणाऱ्याचा त्यात काही लाभ नव्हता. त्याला मते नको होती, वर्गणी नको होती, चरणस्पर्शही नको होता.

शपथ, कायदा आणि पंगत

व्यसनमुक्तीचा प्रचार करणारे धर्मपुरुष जगात इतरत्रही होऊन गेले. आयर्लंडमधील कॉर्क शहरात फादर थिओबाल्ड मॅथ्यू नावाचे ख्रिस्ती धर्मगुरू होते. १८३८ साली त्यांनी दारू न पिण्याची शपथ देण्याची चळवळ आरंभिली आणि पाहता पाहता लक्षावधी लोकांनी त्यांच्यापुढे शपथ घेतली. शपथ घेणाऱ्यास पदक मिळे. त्या पदकांचा व इतर खर्चाचा भार वाढत गेला आणि हा सत्पुरुष कर्जात बुडाला. पुढे दुष्काळाने देश उद्ध्वस्त झाला आणि चळवळीचा जोर ओसरला. फादर मॅथ्यू १८५६ च्या डिसेंबरात निवर्तले. गाडगेबाबा त्यानंतर बरोबर शंभर वर्षांनी, त्याच महिन्यात. एका प्रसंगी उत्साहाच्या भरात घेतलेली शपथ माणूस घरी परतल्यावर टिकविणे कठीण असते, कारण घरी पंगत जुनीच असते. अमेरिकेने १९२० साली संपूर्ण देशात दारूबंदी केली आणि १९३३ साली ती उठविली. कायदा दुकान बंद करू शकतो. पाहुण्याच्या मनातील अपेक्षा बंद करणे त्याच्या आवाक्यात नसते.

आपल्याकडेही कायद्याचे प्रयत्न झाले. मध्यप्रांत व वऱ्हाडात १९३८ साली दारूबंदीचा कायदा झाला, मुंबई राज्यात १९४९ साली. राज्यघटनेच्या ४७ व्या अनुच्छेदात मादक पेयांच्या बंदीचे धोरण सांगितले आहे. ८ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबईत वांद्रे येथे पोलिसांसमोर बाबांचे अखेरचे कीर्तन झाले. दारूबंदीचा कायदा राबविण्याचे काम ज्यांच्याकडे होते, त्यांच्यापुढेच त्यांनी आपली अखेरची शब्दसेवा केली, हा योगायोग अर्थपूर्ण आहे. त्यानंतर २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीकडे जात असता वलगावजवळ पेढी नदीच्या काठी त्यांचा प्रवास संपला.

मारेगाव आणि आजचा प्रश्न

मारेगाव तालुका वर्धा नदीच्या कुशीत वसला आहे. नदीपलीकडे चंद्रपूर जिल्हा. त्या जिल्ह्यात १ एप्रिल २०१५ पासून दारूबंदी लागू झाली आणि २०२१ साली ती उठविण्यात आली. वर्धा जिल्ह्यात व गडचिरोलीत बंदी अनेक वर्षांपासून आहे. यवतमाळ जिल्ह्यातही दारूबंदी व्हावी, ही मागणी महिलांनी मोर्चे काढून लावून धरली. बंदी असावी की नसावी, यावर विचारवंतांत मतभेद आहेत. चोरटी विक्री, महसूल, पोलीस यंत्रणेवरील ताण हे मुद्दे खोटे नाहीत. परंतु मोर्च्यात चालणाऱ्या स्त्रीला या वादाशी कर्तव्य नसते. सखुबाईने जे भोगले ते आपल्या लेकराच्या वाट्याला येऊ नये, एवढेच तिला हवे असते.

हा कापसाचा मुलूख आहे. पाऊस, बोंडअळी, पडलेले भाव, महागडे बियाणे आणि थकलेली कर्जे यांनी येथील शेतकरी गांजला आहे. त्याच्या प्रत्येक दुःखाचे खापर दारूवर फोडणे अन्यायाचे होईल. पुष्कळ निर्व्यसनी शेतकरीही कर्जाखाली दबले आहेत. परंतु ज्या घरात आधीच तोटा आहे तेथे दारू आली की तोट्याला तळ उरत नाही, हे कोणीही शेजारी सांगू शकेल. कापूस विकून आलेली रक्कम घरी पोहोचण्यापूर्वी वाटेत किती उरते, या प्रश्नावर अनेक मुलींची शाळा अवलंबून असते.

महाराष्ट्राच्या नियमांनी गावातील स्त्रियांना एक शस्त्र दिले आहे. ठराविक संख्येने स्त्री मतदारांनी मागणी केली तर गावातील परवानाधारक दुकानाविषयी मतदान घेतले जाते. मतपत्रिकेवर उभी बाटली आणि आडवी बाटली अशी दोन चिन्हे असतात. एकूण स्त्री मतदारांपैकी निम्म्याहून अधिक मते आडव्या बाटलीस पडली तर दुकान बंद होते. अनेक गावांतील स्त्रियांनी ही लढाई लढविली आहे. हे मतदान गुप्त असते, आणि तेच योग्य आहे. नवऱ्याच्या, दिराच्या, शेजाऱ्याच्या नजरेआड तिला आपले मत नोंदविता येते.

डेबूजींचे मतदान मात्र उघड होते. ते भर पंगतीत, जातभाईंच्या डोळ्यांदेखत झाले. दुकान आडवे करणे गावाच्या हाती आहे; पंगत आडवी येऊ न देणे प्रत्येक यजमानाच्या हाती आहे. आज मद्याचे स्वरूप बदलले आहे. गुत्त्याची जागा वातानुकूलित सभागृहाने घेतली आहे, मोहाच्या दारूची जागा विदेशी लेबलांनी. पूर्वी देवाच्या नावाने येणारी बाटली आता प्रतिष्ठेच्या, व्यवसायाच्या आणि मैत्रीच्या नावाने येते. ज्या घराण्यांत पिढ्यान्पिढ्या मद्याचा स्पर्श नव्हता, त्यांच्याही लग्नसोहळ्याच्या आदल्या रात्री तरुण मंडळींसाठी वेगळी व्यवस्था केली जाते आणि वडीलधारी माणसे ती न दिसल्यासारखे करतात, हे नाकारण्यात अर्थ नाही. 'लोक काय म्हणतील' हे भय शेंडगावच्या परटाला होते तसेच आजच्या शेठजींनाही आहे. वडीलधाऱ्यांचे हे न पाहणे हीच मुलांना मिळालेली परवानगी असते.

आलोकाच्या बारशाला जे पाहुणे नाखूश होऊन उठले, त्यांची नावे आज कोणास ठाऊक नाहीत. पानात गोड वाढणाऱ्या यजमानाचे नाव मात्र मारेगावच्या मुलीच्या पदवीपत्रावर आहे. तिच्या लग्नाची बोलणी होतील, पाहुण्यांची यादी होईल, जेवणाचे पदार्थ ठरतील. त्या बैठकीत कोणीतरी हळूच विचारील की त्या दुसऱ्या व्यवस्थेचे काय करावयाचे. त्या क्षणी घरातील एका माणसाने स्पष्ट शब्दांत 'नाही' म्हणावे, एवढीच गाडगेबाबांची अपेक्षा असती. त्यासाठी खराटा लागत नाही, घर सोडावे लागत नाही, आणि खर्च तर उलट कमीच होतो.